स्वतःची गाडी स्वतः खोलायला शिकतोय : स्प्लेंडर, पसरणी घाट आणि गेलेले आटे

कृष्णाकाठ (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज हाताचं ऑइल अजून नखातनं गेलेलं नाही तोवर लिहून टाकतो.

मी वाईचा, कामाला पाचगणीला, रोज पसरणी घाट वर-खाली. गाडी वडिलांची, २००६ ची स्प्लेंडर, कार्बोरेटरवाली. इतकी वर्षं माझं काम एवढंच, पेट्रोल भरायचं, हवा भरायची आणि काही वाजलं की गॅरेजला लावून यायचं. काय केलं विचारलं की "सर्व्हिसिंग केलं" आणि बिल. मला त्यातलं काही कळत नाही हे समोरच्यालाही कळायचं आणि मलाही.

गेल्या जूनमधे संध्याकाळी घाट उतरत होतो, तिसऱ्या गिअरला, एका वळणावर क्लच दाबला तर लिव्हर नुसतं सैल येऊन हँडलला टेकलं. ब्रेक मारला, गाडी धक्का खाऊन बंद पडली. पाऊस बारीक चालू, अंधार पडायला आलेला, मोबाईलला रेंज नाही. अर्धा तास उभा होतो. मग वरनं एक दूधवाले काका आले, दोन्ही बाजूला रिकाम्या किटल्या. थांबले, लिव्हर हलवून बघितलं आणि म्हणाले, केबल तुटलीय, घाबरू नको. त्यांच्या स्वतःच्या गाडीला क्लचच्या केबलबरोबर दुसरी नवी केबल टेपनं चिकटवून ठेवलेली होती, नुसती पडून, वेळेला उपयोगी पडावी म्हणून. ती काढली, माझ्या मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात पंधरा मिनिटात बसवली. एक पाना आणि एक पक्कड, बास. पैसे घेतले नाहीत, "मला नवी केबल आणून दे परवा, याच टायमाला जातो मी" म्हणाले.

जुनी केबल मी खिशात घालून आणली. घरी आल्यावर उजेडात बघितली. लिव्हरच्या टोकाला जी शिशाची गोळी असते तिच्या तोंडाशीच तारा तुटलेल्या. पण सगळ्या एका दिवशी तुटलेल्या नव्हत्या. सात-आठ तारांची टोकं काळी पडलेली, गंजलेली, दोनच तारा ताज्या चकचकीत. म्हणजे कित्येक आठवडे एकेक तार जात होती, क्लच जड लागत होता आणि मी समजत होतो पावसामुळे असेल. ती केबल अजून माझ्या टेबलावर आहे.

तिथनं शिकायला लागलो. आतापर्यंत केलेलं: क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल बदलली, प्लग, एअर फिल्टर, चेन ताणणे, पुढचे ब्रेक लायनर. आणि ऑइल. ऑइलमधे घाण केली त्याबद्दल सांगतो, कारण तिथंच मला मदत पाहिजे.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, खाली तसराळं ठेवलं, १७ चा पाना लावून तळाचा बोल्ट काढला, ऑइल पूर्ण निथळू दिलं, सगळं बरोबर. परत बसवताना भीती वाटली की सुटला तर घाटात ऑइल सांडेल आणि मागचं चाक घसरेल. म्हणून घट्ट केला, मग अजून थोडा, मग पान्यावर जोर देऊन अजून थोडा. आणि एकदम पाना हलका झाला, फिरतच राहिला. आटे गेले. बोल्टचे नाही, इंजिनचे, ॲल्युमिनियमचे. ढकलत नेली लेथवाल्याकडे, त्यानं मोठा टॅप मारून (म्हणजे भोकात मोठे आटे पाडून) बुश बसवून दिला. गाडी ठीक आहे. पण त्या दिवसापासून कुठलाही बोल्ट आवळताना हात थरथरतो. एकतर ढिला ठेवतो नाहीतर गच्च. किती आवळायचं हे तुम्ही लोक कसं शिकलात? टॉर्क रेंच (किती जोरानं आवळतोय ते मोजणारा पाना) घ्यावा का?

पाना_पक्कड (रविवार, रात्री)

भावा, कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला गॅरेज आहे माझं, ३० वर्षं झाली. आटे गेले म्हणून मन खट्टू करून घेऊ नको, माझ्या हातनं पहिल्या वर्षात चार गेलेत आणि चारही गिऱ्हाइकाच्या गाडीचे.

आमच्या उस्तादनं मला जे करायला लावलं ते तू कर. भंगारातनं ६ मिलीचे (मिलिमीटरचे) दहा बोल्ट आण, ज्याला १० चा पाना लागतो ते. व्हाइसमधे एक लोखंडी पट्टी पकड, भोकातनं बोल्ट घाल, पलीकडनं नट. आणि मुद्दाम तुटेपर्यंत आवळ. डोळे मिटून. पहिल्यांदा नट मोकळा पळतो, मग टेकतो, मग प्रत्येक इंचाला जोर वाढत जातो. आणि तुटायच्या जरा आधी एक जागा येते, तिथं जोर वाढायचा थांबतो, पाना लोण्यात गेल्यागत मऊ लागतो. ते मऊ लागलं म्हणजे बोल्ट ताणला गेला, तो कामातनं गेला. दहा बोल्ट तोडलेस की ती जागा हाताला पाठ होते, आणि मग तू तिच्या लई अलीकडं थांबायला शिकतोस.

दुसरं, पाना कुठं धरतोस ते बघ. ६ मिलीच्या बोल्टाला पाना तोंडाजवळ धरायचा, मनगटानं आवळायचं, खांदा लावायचाच नाही. लांब पाना लांबनं धरला की हत्ती येतो हातात. आणि ऑइलच्या बोल्टाला वायसर नवा टाकत जा. गळती वायसर थांबवतो, तुझा जोर नाही.

टॉर्क रेंच वाईट नाही, पण हात तयार झाल्यावर घे.

वर्कशॉप_४ (सोमवार, सकाळी)

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, एक दुरुस्ती सुचवून. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. बोल्ट तोडायचा प्रयोग आम्हीही करून घेतो, पण टॉर्क रेंच पहिल्यापासून हातात असावा असं माझं मत. कारण हाताला "बरोबर" म्हणजे काय हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं. तुमच्याजवळ उस्ताद होते, कृष्णाकाठ यांच्याजवळ कुणी नाही.

साधारण अंदाज सांगतो. ६ मिलीच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, ८ मिलीच्या बोल्टाला २० ते २५. ऑइलचा बोल्ट दिसायला दांडगा असला तरी तो ॲल्युमिनियममधे बसतो हे विसरायचं नाही. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे असतो, तोच खरा. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. ऑइल लागलेल्या आट्यांना त्याच टॉर्कला जास्त ताण बसतो.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमधेसुद्धा फार कमी जणांना माहीत असते. होंडाच्या डिझाइनच्या जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरचे जे फुलीचे स्क्रू असतात ते जपानी मापाचे असतात. आपला बाजारातला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण तळाला टेकत नाही, जोर दिला की वर उचकटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. दोष स्क्रूचा नसतो. जपानी मापाचा ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. अडकलेल्या स्क्रूला हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर.

वऱ्हाडची_वाट (सोमवार, दुपारी)

दादा, तुमची केबलची गोष्ट वाचून बरं वाटलं. मी अमरावतीची, १५० सीसी पल्सर चालवते, नोकरीसाठी रोज ४० किलोमीटर जाणं-येणं.

मी शिकले ते रागातून. गॅरेजमधे गाडी नेली की मालक माझ्याशी बोलायचाच नाही. "घरी कोणी आहे का, त्यांना पाठवा." मी सांगायचे की चौथ्या गिअरला चढावर रेस होते पण गाडी ओढत नाही, तर हसून दुसऱ्याकडे बघायचा. शेवटी तीनदा जाऊन आल्यावर मीच शोधायला बसले आणि कळलं की आधीच्या सर्व्हिसिंगला कारचं ऑइल टाकलेलं होतं. आपल्या गिअरवाल्या बाईकचा क्लच ऑइलमधेच बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमधे घर्षण कमी करणारं रसायन असतं, त्यानं प्लेटा घसरतात. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघूनच घ्यायचं, एमबी असेल तर ते स्कूटरचं. ऑइल बदललं, दोनशे किलोमीटरमधे गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली. त्या दिवशी मला इतकं छान वाटलं की मी घरी येऊन पुरणाचा घाट घातला, खरंच.

माझा प्रश्न चेनबद्दल आहे. आमच्याकडे धूळ खूप. काहीजण म्हणतात जळकं ऑइल लावा, काहीजण स्प्रे, काहीजण ९० नंबरचं गिअर ऑइल. काय लावू?

पाना_पक्कड (सोमवार, दुपारी)

ताई, जळकं ऑइल नको. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तोच चेन खातो. ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, आतल्या बाजूनं, प्रत्येक रोलरवर थेंब. रात्री लावून ठेवायचं, सकाळी फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. ऑइल आत पाहिजे, बाहेर चिकट राहिलं की धूळ ओढून घेतं. लोक पुसत नाहीत तिथं चूक होते.

वर्कशॉप_४ (सोमवार, दुपारी)

विदर्भातल्या धुळीत मी स्प्रे सुचवेन, लवकर वाळतो. पण गिअर ऑइल पुसून वापरलं तर तेही उत्तम. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, मऊ ब्रश. तुमच्या चेनला रबरी रिंगा असतील (ओ-रिंग चेन) तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रिंगा गेल्या की आतलं ग्रीस गेलं.

ताण बघताना चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथं माप घ्यायचं, खालच्या बाजूच्या मधोमध बोटानं वर-खाली करून. बऱ्याच गाड्यांना २५ ते ३० मिली चालतं. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा नाहीतर चाक तिरकं बसेल. आणि जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे.

मालवणचा_वारा (सोमवार, रात्री)

चेनचा विषय निघालाच आहे तर हात जोडून एक सांगतो. इंजिन चालू करून, पहिल्या गिअरला टाकून, चाक आपोआप फिरतंय आणि आपण फडकं धरून चेन पुसतोय असे व्हिडिओ खूप आहेत. करू नका. माझ्या मावसभावानं केलं. फडकं चेनमधे गेलं, फडक्याबरोबर हात गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तिथंच राहिली, स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाजवळ. एक सेकंदसुद्धा नाही लागला. तो तबला वाजवायचा. मी तेव्हा अंगणात दहा फुटांवर उभा होतो.

डबल स्टँड, इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलला, चाक हातानं फिरवायचं. लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवायचं.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री)

बाप रे. वाचून अंगावर काटा आला. मी दोन वेळा तसंच केलंय. पुन्हा नाही.

नवीन_रायडर (मंगळवार, सकाळी)

काका लोकांनो, मी पुण्यात कॉलेजला आहे, गाडी २०२२ ची, बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम), फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटर नाही. सगळे म्हणतात नव्या गाडीला हात लावू नको, सगळं कॉम्प्युटरवर असतं. मग माझ्यासारख्यानं शिकायचंच नाही का?

वर्कशॉप_४ (मंगळवार, दुपारी)

शिकायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं तेव्हापासून कार्बोरेटर जवळजवळ गेला, पण ऑइल, चेन, ब्रेक, केबल, टायर, एअर फिल्टर, बॅटरी हे सगळं तसंच आहे. वॉरंटीत असशील तर ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नकोस आणि बिलं जपून ठेव, बाकीचं मधल्या काळात करायला कुणाची हरकत नाही.

हात कुठं लावायचा नाही तेही सांगतो. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत पेट्रोल दाबाखाली असतं, ती उगाच उपसायची नाही, चिळकांडी थेट डोळ्यात किंवा गरम इंजिनवर. इग्निशन चालू असताना कुठलाही सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढायचा नाही. आणि टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवायची नाही, पंप पेट्रोलमधेच थंड राहतो.

पहिलं हत्यार मल्टिमीटर घे. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू करून रेस दिली की १३.८ ते १४.५ च्या मधे यायला हवं. तिथं १२ च राहिलं तर नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही, चार्जिंगमधे खोट आहे. एवढं बघता आलं तरी वर्षभरात एक फुकटची बॅटरी वाचते.

कोथरूडकर (मंगळवार, दुपारी)

सगळं छान आहे, पण एक मनापासून विचारतो. मी दोन वर्षं हे सगळं केलं आणि सोडलं. रविवार अख्खा जातो, हत्यारांवर पैसे जातात, शेवटी एखादी गोष्ट अडली की मेकॅनिककडे जावंच लागतं. त्यापेक्षा चांगला मेकॅनिक धरून ठेवावा असं माझं मत झालं आहे.

पाना_पक्कड (मंगळवार, रात्री)

तुमचंही बरोबर आहे. ज्याला आवड नाही त्यानं रविवार पोरांना द्यावा. पण मेकॅनिक म्हणून सांगतो, ज्याला थोडंफार कळतं असं गिऱ्हाईक मला हवं असतं. "आवाज येतोय" म्हणणारा आला की मला अर्धा दिवस आवाज शोधायला जातो. "थंड असताना येत नाही, गरम झाल्यावर येतो, क्लच दाबला की थांबतो" म्हणणारा आला की मी त्याचं निम्मं काम ऐकतानाच करतो, आणि मजुरी पण निम्मी घेतो.

आणि काही कामं घरी नकोतच. फोर्कचं ऑइल सील, क्लच प्लेटा, हेड खोलणं, क्रँक. त्याला पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) लागतो, दाबून बसवायचा प्रेस लागतो. हत्यार नसताना छिन्नी-हातोडीनं केलेली कामं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य चाललंय.

मालवणचा_वारा (मंगळवार, रात्री)

कोकणवाल्यांसाठी थोडं. आमच्याकडे गाडी चालून जेवढी झिजत नाही तेवढी उभी राहून गंजते. पावसाळ्याच्या आधी टर्मिनलला पेट्रोलियम जेली, वायरिंगचे कपलर उघडून पुसून परत बंद. केबल काढून उभी टांगायची, वरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी कोन करून बांधायची, त्यात पातळ ऑइल ओतून रात्रभर ठेवायचं, सकाळी खालनं थेंब पडलेले दिसतात. आधी येतं ते काळं पाणी, मग स्वच्छ ऑइल. कृष्णाकाठ, तुमच्या केबलला हे कुणी केलं असतं तर ती अजून वर्षभर गेली असती.

कार्बोरेटरवाल्यांनी वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून बघावं. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. आता पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

वऱ्हाडची_वाट (बुधवार, सकाळी)

ऑइलवरून आठवलं, जुनं ऑइल तुम्ही सगळे कुठे टाकता? आमच्या गल्लीत सरळ नालीत ओततात. मी पाच लिटरच्या कॅनमधे साठवते आणि भरला की गॅरेजमधे देते, त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात. तेच ते गॅरेज, आता मालक माझ्याशी नीट बोलतो.

कृष्णाकाठ (पुढचा रविवार, रात्री)

मंडळी, आठवडाभर गायब होतो, आता सांगतो.

बोल्ट तोडले. दहा नाही, चौदा. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा व्हाइस वापरला. पहिले पाच नुसते तुटले, काही कळलं नाही. सहाव्याला ते मऊ लागलं, अगदी पुसट, पाना किंचित बसल्यासारखा. नवव्यापासनं दर वेळी कळायला लागलं. मग टॉर्क रेंच उसना आणून १० ला लावून बघितला आणि खरं सांगतो, मी जेवढं समजत होतो त्याच्या निम्मंसुद्धा नाही! इतके दिवस सगळं दुप्पट आवळत होतो.

मग आज सकाळी धीर करून टॅपेट केले, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवली. गाडी रात्रभर थंड होती. हेडवरच्या दोन टोप्या काढल्या, डाव्या कव्हरच्या झाकणातनं चुंबकावरची टी ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) दिसेपर्यंत क्रँक हळूहळू फिरवला. पहिल्यांदा खूण जुळली तरी रॉकर घट्टच होते, म्हणजे चुकीचा स्ट्रोक, अजून एक फेरा दिल्यावर दोन्ही रॉकर बोटाला किंचित खुळखुळले. एक्झॉस्टकडं फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्याचं) पान आरामात दोनदा गेलं असतं एवढी फट होती. इनटेककडं उलट, पान जातच नव्हतं. वर्कशॉप_४ सरांना फोटो पाठवला होता, ते म्हणाले वाजणाऱ्यापेक्षा तो गप्प बसलेला जास्त धोक्याचा, वाल्व पूर्ण बंद होत नसेल तर जळतो. दोन्ही मॅन्युअलप्रमाणे लावले. पान ओढताना वहीच्या पानांमधनं कागद ओढल्यासारखं लागलं की थांबायचं. लॉकनट आवळताना स्क्रू बरोबर फिरला आणि माप बिघडलं, असं तीनदा झालं, चौथ्यांदा जमलं. टोप्या आवळताना हात थरथरला नाही.

किक मारली. बाबा आत पेपर वाचत होते, उठून बाहेर आले, सायलेन्सरकडं नाही, हेडकडं कान करून उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "आणली होती तेव्हा अशीच वाजत होती." मग स्वतःच घेऊन गेले, घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन अर्ध्या तासानं आले.

दूधवाल्या काकांना केबल तेव्हाच दिली होती. आता मीही माझ्या केबलबरोबर एक जास्तीची टेपनं बांधून टाकलीय.

पुढच्या रविवारी मागचे लायनर बदलायचे आहेत. ड्रममधली काळी धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची एवढं वाचलंय. ब्रेक शूच्या पिनला ग्रीस लावायचं का कोरडी ठेवायची?

पाना_पक्कड (पुढचा रविवार, रात्री)

लाव, पण तांदळाच्या दाण्याएवढं, आणि बोट पुसून मगच लायनरला हात लाव. झिजलेलं जुनं लायनर टाकू नको, फोटो टाक इथं, एका बाजूनं जास्त झिजलंय का ते बघू.